हुमण ते हुमुस, व्हाया हरमल

'तारले काढ.'

मी तारले काढले.

'किसमूर पण काढ. स्पेलिंग काय लिहिणार तिचं?'

किसमूर पण गेली.

'आणि पेज? पेज कोण खातं गो पैसे देऊन?'

जानेवारीतली सकाळ. मावशीच्या घरासमोरच्या मांडवात मी लॅपटॉप उघडून बसलेय, बॅटरी १८ टक्के, शेजारी माझा मावसभाऊ आणि स्क्रीनवर त्याच्या हॉटेलचं नवं मेन्यू कार्ड. मास कॉमची डिग्री घेतली की आयुष्यात काय काय लिहावं लागतं! लग्नपत्रिका झाली, सोसायटीची नोटीस झाली, आता हे. मी 'पेज' सिलेक्ट करून डिलीट दाबलं, तेवढ्यात आतून मावशीचा आवाज आला,

'पेजेन तुझा काय वाकडा केल्यान गो?'

मी दादाकडे पाहिलं. दादाने समुद्राकडे पाहिलं. तोही तिथून दिसत नाही आता, मध्ये तीनमजली गेस्टहाऊस आहे.

हे सगळं घडत होतं हरमलला. ओळखलं नाहीत ना? आरंबोल म्हटलं की लगेच ओळखाल. ऑफिसातल्या निम्म्या पब्लिकच्या प्रोफाइल फोटोत जे गोड्या पाण्याचं तळं, संध्याकाळचे ढोल आणि हुला-हूप फिरवणारी मुलगी असते, ते आरंबोल. गावातले लोक मात्र हरमलच म्हणतात. इथे सगळ्या गावांचं असंच आहे. मोरजीचं मोरजिम, मांद्र्याचं मांद्रेम, केरीचं केरिम. शेवटचा तो 'म' पोर्तुगीज स्पेलिंगने चिकटवला. पोर्तुगीज तो नाकात म्हणतात, आपण इंग्रजी वाचून ओठ मिटून म्हणतो. कळंगुटच्या माणसाला 'कलंगुट' आणि हणजुण्याच्या माणसाला 'अंजुना' ऐकायची इतकी सवय झालीय, की बाहेरच्यांशी बोलताना तोही तेच म्हणतो.

पेडणे तालुका हा गोव्याचा उत्तरेकडचा शेवटचा तुकडा. पोर्तुगीज गोव्यात आले १५१० मध्ये, पण पेडणे त्यांच्या हाती लागलं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. तोवर इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल. त्यामुळे इथली बोली, इथले सण आणि मुख्य म्हणजे इथलं जेवण मालवणीच्या सख्ख्या चुलत नात्यातलं. माझी मावशी मूळची सावंतवाडीची. लग्न करून हरमलला आली तेव्हा तिला 'दुसऱ्या राज्यात' आल्यासारखं काही वाटलंच नाही, असं ती सांगते. तेच उकडे तांदूळ, तीच सोलां, तीच तिरफळं. फक्त इथे संध्याकाळी पॉं-पॉं भोंगा वाजवत सायकलवरून पोदेर यायचा आणि पाव देऊन जायचा. आईला तर याचंच जास्त कौतुक होतं. आमच्याकडे पुण्याला पाव बेकरीत जाऊन आणावा लागायचा, मावशीकडे तो दारात यायचा!

माझ्या लहानपणचं हरमल म्हणजे मे महिना. स्वारगेटहून रात्रीची एसटी, सकाळी सावंतवाडी, तिथून सातार्ड्यामार्गे मामाच्या स्कूटरवर तिघं. मेमध्ये सीझन संपत आलेला असतो. शॅक्स उतरवायला सुरुवात झालेली, वाळूत बांबूंचे ढीग, कोपऱ्यात एखादा उन्हाने लालबुंद झालेला गोरा 'घरी जायचं नाही' या हट्टाने राहिलेला. बाकी किनारा आमचा आणि होड्यांचा. सकाळी दहा-साडेदहाला घरातली सगळी मंडळी जिथे असतील तिथून येऊन पेज जेवायची. उकड्या तांदळाची दाट पेज, मीठ, खाराचं लोणचं आणि सुक्या सुंगटांची किसमूर, वर खवलेलं खोबरं. दुपारी हुमण-भात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हुमण म्हणजे माशाची आमटी. खोबरं, लाल मिरची, सोलां, आणि बांगडा किंवा तारले असतील तर तिरफळं. सोमवारी मात्र घरात मासे नाहीत. सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहारी, मग घरात कुणीही आलेलं असो.

२००६ च्या डिसेंबरमध्ये आम्ही पहिल्यांदा ख्रिसमसच्या सुट्टीत गेलो आणि मला धक्काच बसला. मी झोपायचे त्या खोलीत एक जर्मन आजी राहत होत्या! मावशीने तीन खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. ही आजी दर नोव्हेंबरला यायची, मार्चमध्ये जायची. तिने मावशीकडून पेज खायला शिकून घेतलं आणि मावशीने तिच्याकडून केळ्याचा केक. कुकरमध्ये वाळू घालून केलेला. सोमवारी मासे मिळत नाहीत हे तिला पाठ होतं, ती इतर पाहुण्यांना बजावायची, 'मंडे नो फिश!'

मांडवातली खानावळ सुरू झाली ती या खोल्यांमुळे. सहा टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या. सुरुवातीला मेन्यू नव्हताच, जे घरात तेच बाहेर.

आता तो किस्सा. सांगते, कारण आमच्या घरात तो दर वर्षी किमान एकदा सांगितला जातो. एक इस्रायली मुलगा आला. तिकडे सक्तीची लष्करी सेवा संपली की ही मुलं पाठीवर सॅक टाकून महिनोन्महिने भारतात फिरतात, उन्हाळ्यात हिमाचल, हिवाळ्यात गोवा. त्यांच्या या रूटला नावच पडलंय 'हुमुस ट्रेल'. तर हा मुलगा खुर्चीत बसला आणि मावशीला म्हणाला, 'हुमुस?' मावशी खूश. गोऱ्या पोराला आपलं हुमण माहीत आहे! तिने ताटभर भात, वर बांगड्याचं हुमण आणि बाजूला सोलकढी आणून ठेवली. तो दोन मिनिटं ताटाकडे बघत राहिला. मग सगळं खाल्लं. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, पण सगळं खाल्लं! दुसऱ्या दिवशी चार मित्र घेऊन आला आणि म्हणाला, 'सेम हुमुस.'

त्याच पोरांनी जाताना कालनिर्णयच्या मागच्या बाजूला मावशीला शकशुकाची कृती लिहून दिली. टोमॅटो-कांद्याच्या दाट रश्श्यात अंडी फोडून शिजवायची, एवढंच ते. मावशीने आपल्या पद्धतीने त्यात माडाचं व्हिनेगर आणि थोडी हरमलची मिरची ढकलली. ही मिरची इथली खास, नावानेच विकली जाते. मी पैजेवर सांगते, मुंबईतल्या कुठल्याही भारी कॅफेतला शकशुका तिच्या शकशुकापुढे पाणी भरेल.

तर इथपर्यंत सगळं गोड गोड आहे. मला स्वतःला त्या काळाबद्दल भाबडं व्हायला आवडतं, पण तो काळही काही साधा नव्हता. साठच्या दशकाच्या शेवटी हिप्पी कळंगुटला आले, तिथे गर्दी झाली तसे हणजुणे, वागातोर करत उत्तरेला सरकत हरमलला पोचले. १९८५ मध्ये जर्मनीहून पहिलं चार्टर विमान दाबोळीला उतरलं आणि दोनच वर्षांत 'जागृत गोंयकारांची फौज' नावाच्या गटाने जर्मन पर्यटकांच्या बसवर शेण फेकून निषेध केला. त्यांचं म्हणणं होतं, पाणी-वीज हॉटेलांना जाणार आणि गावाला काय उरणार? चाळीस वर्षं होत आली या प्रश्नाला. मावशीच्या विहिरीवर दोन पंप लागले, मार्चनंतर टँकर येतो.

प्रत्येक पाहुणा गावात आपलं ताट घेऊन आला. कांदोळी-बागा पट्ट्यात ब्रिटिश पेन्शनर हिवाळा काढायला यायचे, तिथे बेक्ड बीन्स, सॉसेज आणि रविवारी रोस्ट. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनची थॉमस कुक कंपनी बुडाली आणि त्या पट्ट्यातल्या किती जणांचा सीझन त्या एका बातमीने गेला. मोरजीत रशियन. तिथे पाट्या रशियन लिपीत, मेन्यूत बोर्श आणि पेलमेनी. मोरजीला लोक 'लिटल रशिया' म्हणू लागले. त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यांच्यासाठी किनाऱ्याचा एक भाग राखून ठेवावा लागला. २०१४ च्या शेवटी रुबल कोसळला आणि रशियन पर्यटक एकदम कमी झाले, तेव्हा दादाच्या एका मित्राने रशियन पाटी काढून तिच्या मागच्या बाजूवर 'पंजाबी तडका' रंगवलं. अक्षरशः त्याच पाटीच्या मागे! मी पाहिलीय.

आणि हे सगळं रांधतं कोण? हे मला फार उशिरा कळलं. दादाच्या किचनमध्ये दोन नेपाळी मुलं आहेत. मेपासून सप्टेंबरपर्यंत ती मनालीच्या बाजूला असतात, ऑक्टोबरमध्ये गोव्याला येतात. गिऱ्हाईक तेच, मेन्यू तोच, फक्त बर्फाच्या जागी वाळू. म्हणजे हरमलला जो हुमुस आला तो तेल अवीवहून नाही, मनालीहून आला, नेपाळी हातांनी. ही दोघं सकाळी साडेदहाला काय खातात माहितीये? मावशीच्या हातची पेज. 'हमारे यहाँ भी ऐसा ही होता है, दीदी,' त्यातला धाकटा म्हणाला.

आणि मग... आपण आलो.

हो, आपण. मी, तुम्ही, तुमचा टीम लीड, त्याची कॉलेजची गँग. सरकारी आकड्यांनुसार २०२४ मध्ये गोव्यात एक कोटीहून जास्त पर्यटक आले आणि त्यातले परदेशी पाच लाखांच्याही आत. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. म्हणजे गोऱ्यांनी गोवा बदलला वगैरे आपण जे म्हणतो ना, तो आता जुना विनोद झाला. २०२० च्या लॉकडाऊननंतर 'वर्क फ्रॉम होम'चं 'वर्क फ्रॉम गोवा' झालं. जानेवारी २०२३ मध्ये पेडणे तालुक्यातच मोपाचा विमानतळ सुरू झाला. ज्या तालुक्यात मी एसटी आणि स्कूटर बदलून जायचे, तिथे आता तुम्ही शुक्रवारी कॉल संपवून रात्रीच्या जेवणाला पोचू शकता. मीही तेच केलं यंदा. एसटी सोडून विमानाने गेले, हे मावशीला सांगायची लाज वाटली.

आपण आलो आणि आपलंही ताट घेऊन आलो. मावशीच्या मांडवात मी गेल्या डिसेंबरात तीन आठवडे बसून काम केलं, तेव्हा कानावर पडलेल्या ऑर्डरी लिहून ठेवल्यात. पनीर आहे का? जैन मिळेल का? मॅगी, पण चीजवाली? ओट मिल्क? फिश करी, पण तिखट नको, काटे नकोत, वास नको. मग फिश कशाला, असं मावशी मालवणीत पुटपुटली, गिऱ्हाईक हसलं, त्याला वाटलं ती 'थँक यू' म्हणाली.

काटे नकोत, इथेच खरी गोम आहे. काटे नकोत म्हटलं की उरतात इसवण, सुंगटां आणि चणक. इसवण म्हणजे आपली सुरमई. सगळ्या किनाऱ्यावरच्या सगळ्या हॉटेलांना तेच तीन मासे हवेत आणि वर्षभर हवेत. जून-जुलैत ट्रॉलरना मासेमारीबंदी असते, तेव्हाही. मग तो मासा बाहेरच्या राज्यांतून बर्फात येतो. सत्तरच्या दशकात इथल्या रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी, ट्रॉलरविरुद्ध मोठं आंदोलन केलं. माथानी साल्ढाणा त्याचे पुढारी. त्यातून १९८० चा कायदा आला. पण ताटात काय हवं, यावर कुठला कायदा करणार? तारले एकेकाळी इतके यायचे की उरलेले माडांच्या मुळाशी खत म्हणून घालायचे. आता मेन्यूत खताइतकीही जागा नाही त्यांना.

आणि तारले डिलीट मी केलेत, हे विसरू नका. मी स्वतः.

दादाशी माझं यावरून भांडण झालं. तसं माझं म्हणणं साधं होतं, सगळे हुमुस विकतात, तू हुमण वीक. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, 'तू वर्षात पंधरा दिवस येतेस. पंधरा दिवस पेज छान लागते. मी आठवडाभर पेज मेन्यूत ठेवली होती गेल्या वर्षी. किती गेल्या? दोन. एक तू घेतलीस, पैसे न देता.'

मी गप्प.

मग त्याने आणखी एक ऐकवलं. 'मिरची कुठून आली? काजू? बटाटा? पाव? सगळे पोर्तुगीजांनीच आणले ना? तेव्हा तुझ्यासारखी कोणीतरी बसून रडली असेल, आमचं मिरी गेलं म्हणून.'

ही गोष्ट खरी आहे आणि मी तिच्यावर बराच विचार केला. पण त्या मिरचीला हरमलची मिरची व्हायला पिढ्या मिळाल्या. कोणीतरी ती परसात लावली, बी ठेवलं, उन्हात वाळवली. शकशुकालाही तेवढा वेळ मिळाला असता तर मावशीने त्याचं काय केलं असतं कुणास ठाऊक, सुरुवात तर झकास केली होती. पण आता मेन्यू दर सीझनला बदलतो आणि तो बदलणारा माणूस परसात काहीच लावत नाही. परसच नाही त्याच्याकडे. तो ११ महिन्यांच्या नाहीतर दहा वर्षांच्या करारावर येतो.

आणि हा करारच सगळ्याच्या मुळाशी होता, जो मला तिसऱ्या दिवशी कळला. एका मोठ्या शहरातल्या पार्टीला घर, मांडव, मागची बाग असं सगळं दहा वर्षांसाठी हवंय. कॅफे करायचाय. घराला हात लावणार नाहीत, उलट कौलं तशीच ठेवणार, त्यांना कौलंच तर हवीत! दादाला मॅनेजर म्हणून पगार आणि वर भाडं. भाड्याचा आकडा त्याने मला कानात सांगितला. मी हिंजवडीत वर्षभर ट्रॅफिक खाऊन जेवढे कमावत होते, त्याच्या दुप्पट. नवं मेन्यू कार्ड ही त्यांचीच अट, 'आधी तुम्ही कसं चालवता ते बघू.' म्हणजे मी मेन्यू नाही, बायोडेटा लिहीत होते.

दादाला मी लोभी म्हणू शकत नाही. त्याची मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. त्याच्या शेजाऱ्याने शेत विकलं, तिथे आता निळ्या टाइल्सचा पूल आहे. त्याचा एक मित्र गावातच भाड्याची खोली शोधत सहा महिने फिरला, त्याच्याच गावात. सीझनचे सहा महिने एवढे देतात की वर्षभरासाठी कुणी खोली द्यायलाच तयार नाही. शेवटी तो पेडण्याला गेला राहायला, रोज कामाला हरमलला येतो. हरमलचा माणूस हरमलला कम्यूट करतो, बोला!

मावशी या सगळ्यावर काय म्हणाली? काहीच नाही. तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी त्या पार्टीचे दोघं जण आले. पंचविशी-तिशीचे, माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच बोलणारे. मला ते आवडले, हे कबूल करते. त्यांनी मावशीच्या पाया पडून घेतलं, किसमूर तीनदा मागून खाल्ली आणि 'हे तर आपण स्मॉल प्लेट म्हणून ठेवू' म्हणाले. मी दादाकडे विजयी नजरेने पाहिलं. पेजेचंही त्यांनी नाव काढलं. 'राइस काँजी बोल, विथ पिकल.' किंमत ऐकून धाकट्या नेपाळी पोराला ठसका लागला.

सगळं जमलं होतं. तेवढ्यात मावशीने पहिल्यांदा तोंड उघडलं.

'आणि सोमवारी?'

'सोमवारी काय, आंटी?'

'सोमवारी हय मासो शिजणा नाय.'

ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. त्यांनी समजावलं, वीकेंडला आलेली गर्दी सोमवारीच तर निवांत जेवते. कंपनीला आठवड्याचे सात दिवस लागतात. किचन वेगळं करू, मागे बांधू, तुम्हाला वासही येणार नाही. मावशी म्हणाली, 'चूल माझी, घर माझा, सोमवारसुद्धा माझो.' आणि उठून कपडे वाळत घालायला गेली.

करार अजून झालेला नाही. दादा म्हणतो होईल, ती मानेल. पार्टी म्हणते आम्ही थांबतो, अशी कौलं दुसरीकडे नाहीत. मावशी म्हणते पुढच्या वेळी येताना पुण्याहून चांगली डायरी आण, हिशेबाला.

मेन्यू मात्र छापून आला. लॅमिनेट केलेला, आठ पानी, वीस प्रती. माझं इंग्रजी झकास दिसत होतं त्यात, 'कम्फर्ट फूड फ्रॉम अ कोस्टल किचन' वगैरे. हुमुस पान दोनवर, शकशुका पान तीनवर, हुमण पान सातवर. निघायच्या दिवशी पहाटे उठले तर मावशी मांडवात एकटीच दिव्याखाली बसलेली, पुढ्यात विसाच्या वीस प्रती आणि हातात मार्कर, लॅमिनेशनवर चालणारा. कुठून मिळवला देव जाणे. प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर, माझ्या इंग्रजीच्या वर, ती देवनागरीत सावकाश एकच ओळ लिहीत होती, 'सोमवारी शिवराक'.

'इंग्लिशमध्ये लिहून देऊ?' मी विचारलं.

'नको,' ती म्हणाली. 'इचारतले. मगे सांगीन.'

बारा झाल्या होत्या. उरलेल्या आठ मी लिहिल्या.